जुन्या गाडीचा बंपर पुन्हा चमकवायचाय? क्रोमला देण्याआधी एवढं नक्की समजून घ्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनं निरोप घेतला आणि सोशल मीडियावर जुन्या फोटोंचा पूर आला. टॅक्सी गेली, पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या खासगी फियाट आणि पद्मिनी आजही अनेकांच्या अंगणात, पार्किंगमध्ये उभ्या आहेत. अँबॅसेडरचंही तेच. आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून नातवंडं कामाला लागतात. इंजिनाचं काम होतं, रंग होतो, सीटा नव्या होतात. आणि मग सगळं येऊन अडतं ते बंपर, दरवाज्याची हँडल, दिव्यांच्या रिंगा आणि बाजूच्या चमकत्या पट्ट्यांपाशी.

रंग बिघडला तर खरवडून पुन्हा मारता येतो. क्रोमचं तसं नाही. चुकीच्या हातात दिलेलं हँडल अॅसिडच्या टाकीतून अर्धं झिजून बाहेर येऊ शकतं, आणि गाडी पन्नास-साठ वर्षं जुनी असेल तर तसं दुसरं हँडल मिळेलच याची खात्री नाही. म्हणूनच हे काम कसं चालतं ते आधी समजून घेतलेलं बरं.

क्रोम म्हणजे नुसतं क्रोम नसतं

क्रोमियम हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ यांनी १७९७ मध्ये शोधला. त्याची संयुगं रंगीबेरंगी असतात, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळालं. गाड्यांवर मात्र तो यायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. त्याआधीच्या गाड्यांवर पितळ किंवा निकेल असायचं आणि ते काळं पडू नये म्हणून सतत घासत बसावं लागायचं. क्रोमनं ती कटकट संपवली. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्यांनी तर क्रोमचा अक्षरशः सोस केला. १९५८ च्या ब्युइक गाडीच्या पुढच्या जाळीवर क्रोमचे तब्बल १६० चौकोन होते.

आता गंमत बघा. ज्याला आपण क्रोमची चमक म्हणतो, ती बहुतांशी क्रोमची नसतेच. बंपरवरचा क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर एका केसाच्या जाडीत क्रोमचे शंभराहून जास्त थर मावतील. इतका पातळ थर खालचा खड्डा भरू शकत नाही, ओरखडा लपवू शकत नाही आणि एकट्यानं गंजही अडवू शकत नाही.

खरं काम करतात ते खालचे थर. सगळ्यात खाली मूळ धातू, त्यावर तांबं, तांब्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. तांबं पृष्ठभाग भरून सारखा करतं. निकेल आरशासारखी झळाळी देतं आणि पाणी अडवतं. बाहेर राहणाऱ्या भागांवर निकेलचा थर साधारण २० ते ४० मायक्रॉनचा असतो, म्हणजे क्रोमच्या कितीतरी पट. निकेलचा रंग किंचित पिवळसर असतो. वरच्या क्रोममुळे त्याला ती ओळखीची निळसर-पांढरी छटा येते आणि निकेल काळवंडत नाही.

याचा पुरावा इतिहासातही सापडतो. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध आले. त्यामुळे १९५२ च्या आसपासच्या अनेक अमेरिकी गाड्यांचं क्रोम लवकर खराब झालं. क्रोम होतंच, खाली निकेल पुरेसं नव्हतं.

मग बंपर गंजतो कसा?

क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा आणि छिद्रं असतात. त्यातून पाणी आणि मीठ खाली झिरपतं. निकेलला कुठे छिद्र पडलं की पाणी थेट लोखंडापर्यंत पोहोचतं. निकेल आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की लोखंड आधी झिजतं, आणि तेही त्या एका ठिपक्यापुरतं वेगानं. म्हणून बंपरवर आधी सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. मग तिथे फोड येतो आणि शेवटी पापुद्रा निघतो.

मुंबई, कोकण, गोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागात हवेतच मीठ असतं आणि पावसाळा चार महिने चालतो. तिथे हे लवकर होतं. बंपरची आतली बाजू तर कोणी पुसतच नाही. बरेचदा बंपर बाहेरून बरा दिसतो आणि आतून चाळण झालेला असतो.

चांगल्या कारखान्यात यावर एक युक्ती वापरतात. निकेलचे एकाऐवजी दोन थर देतात. खालचा थर कमी चमकदार, वरचा जास्त चमकदार. वरच्या थरात थोडं गंधक असल्यानं तो आधी झिजतो. त्यामुळे गंज खोल जाण्याऐवजी आडवा पसरतो आणि लोखंडापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो.

आधी ओळखा: धातू कोणता?

गाडीवरचं चमकणारं सगळं काही क्रोम नसतं. प्रत्येक धातूचा उपाय वेगळा आहे, म्हणून ही ओळख सगळ्यात महत्त्वाची.

● लोखंड (पोलाद): बंपर आणि चाकाच्या टोप्या बहुधा याच्या असतात. लोहचुंबक घट्ट चिकटतो. गंज तपकिरी-लाल रंगाचा येतो.

● स्टेनलेस स्टील: बाजूच्या लांब पट्ट्या, काचेभोवतीच्या कडा बऱ्याच गाड्यांत याच्या असतात. याच्यावर मुलामा नसतोच. ओरखडा पडला तर आतही तोच रंग दिसतो आणि पापुद्रा निघत नाही. काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतो, त्यामुळे एकट्या चुंबकावर भरवसा ठेवू नका.

● पितळ: जास्त जुन्या गाड्यांत रेडिएटरचं कवच, दिव्यांचे भाग यात सापडतं. मुलामा उडालेल्या जागी पिवळा धातू दिसतो. हे काम करणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात सोपं.

● जस्ताचा ओतीव धातू: हँडल, आरशाचे दांडे, गाडीच्या नावाची अक्षरं, बोनेटवरचं चिन्ह. चुंबक चिकटत नाही, आकाराच्या मानानं वस्तू जड लागते आणि गंजाऐवजी पृष्ठभागावर पांढरट पूड किंवा बारीक पुटकुळ्या दिसतात. हे सगळ्यात अवघड.

● अॅल्युमिनियम: काही गाड्यांच्या जाळ्या आणि पट्ट्या. हाताला हलकं लागतं, रंग थोडा मंद राखाडी. यावर बहुतेक वेळा क्रोम नसून अॅनोडायझिंगचा थर असतो. तो काढून, पॉलिश करून पुन्हा अॅनोडाइझच करायचा असतो.

कारखान्यात काय काय होतं?

समजा लोखंडी बंपर आहे, थोडा गंजलेला आणि एका बाजूला पोचा आलेला. त्याचा प्रवास साधारण असा होतो.

१. जुना मुलामा काढणं. वरून घासून काढून चालत नाही. क्रोम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उलटा विद्युतप्रवाह देऊन उतरवतात. त्याखालचं निकेल सल्फ्युरिक अॅसिडमध्ये, पुन्हा उलट्या प्रवाहानं. यानंतर बंपरची खरी अवस्था पहिल्यांदा दिसते. दिलेला अंदाजी खर्च याच टप्प्यावर वाढतो, कारण निकेलखाली लपलेली भोकं आता उघडी पडतात.

२. पोचे काढणं. मागून ठोकून आकार परत आणतात. भोकं असतील तर वेल्डिंग करून भरतात. इथे रंगकामातली पुट्टी अजिबात चालत नाही. पुट्टीतून वीज वाहत नाही, त्यामुळे त्यावर धातू चढतच नाही.

३. घासणं. जाड पॉलिश पेपरपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं बारीक पेपर, मग बफिंग. एकूण मेहनतीचा मोठा वाटा इथे जातो. या टप्प्यावर राहिलेला ओरखडा शेवटी आरशात दिसावा तसा दिसतो.

४. तांबं. वस्तू तेल-चिकटपणा जाईपर्यंत धुऊन टाकीत सोडतात. लोखंडावर अॅसिडच्या टाकीतलं तांबं थेट नीट धरत नाही, म्हणून आधी वेगळ्या द्रावणातून पातळ थर देतात. मग जाड तांबं चढवतात, ते पुन्हा घासतात. खोल खड्डे असतील तर चढवा आणि घासा हे चक्र दोन-तीनदा फिरतं.

५. निकेल. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक अॅसिड यांचं साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसचं द्रावण यासाठी वापरतात. हा नुस्खा ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडला आणि त्यात सुधारणा होत तो आजही चालू आहे.

६. क्रोम. सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात छोटा टप्पा. काही मिनिटांत संपतो.

म्हणजे ज्या नावानं सगळं काम ओळखलं जातं, तो भाग काही मिनिटांचा आणि आधीची तयारी कित्येक तासांची. "आज द्या, उद्या घेऊन जा" असं कोणी गंजलेल्या बंपरबद्दल म्हणत असेल, तर बहुधा मधल्या पायऱ्या गाळल्या जाणार आहेत. असा बंपर दुकानात झकास दिसतो आणि एकदोन पावसाळ्यांत त्याचे फोड वर येतात.

हँडल आणि अक्षरं: इथेच घात होतो

जस्ताच्या ओतीव वस्तू वेगळ्या कारागिराचं काम आहे. जस्त अॅसिडमध्येही विरघळतं आणि कॉस्टिक सोड्यातही. लोखंडी बंपर जितका वेळ टाकीत ठेवतात, तितका वेळ जस्ताचं हँडल ठेवलं तर त्याच्या कडा झिजतात आणि अक्षरं बोथट होतात. अशा ओतीव मिश्रधातूचा वितळणबिंदू ४०० अंश सेल्सिअसच्याही खाली असतो, त्यामुळे नेहमीच्या वेल्डिंगनं ते भरता येत नाही.

जाणकार कारागीर काय करतो? प्रत्येक पुटकुळी बारीक ड्रिलनं कोरून आतली खराब पूड काढतो. मग तांब्याचा थर देतो, खड्डे कमी तापमानावर वितळणाऱ्या सोल्डरनं भरतो, घासतो आणि पुन्हा तांबं चढवतो. एका हँडलवर शंभर पुटकुळ्या असतील तर हे शंभरदा. म्हणूनच छोटंसं हँडल कधीकधी मोठ्या बंपरपेक्षा महाग पडतं. दर ऐकून धक्का बसण्याआधी हे लक्षात ठेवा.

स्टेनलेसच्या पट्ट्यांना क्रोम नको

या पट्ट्या घरीही सुधारता येतात. पोच्याच्या मागून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीनं हळूहळू ठोकायचं. एका दणक्यात नाही, बारीक बारीक ठोक्यांत. मग वरून कानस अगदी हलकी फिरवली की उंच भाग चमकतो आणि खोल भाग तसाच राहतो. कुठे अजून ठोकायचं ते त्यावरून कळतं. सपाट झाल्यावर ३२० नंबरचा पेपर, मग ४००, ६०० आणि पुढे बारीक. शेवटी बफिंग.

बफिंगच्या चाकावर मात्र जपून. चाक नेहमी पट्टीच्या कडेवरून बाहेर जाईल अशा दिशेनं फिरायला हवं. कडेत अडकलं तर पट्टी हातातून हिसकावली जाते, वाकते आणि हातही कापते. चष्मा हवाच, आणि सैल बाह्यांचा शर्ट नको.

क्रोम घरी करता येईल का?

इंटरनेटवर बादली, बॅटरी आणि रसायनं घेऊन प्लेटिंग करण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. सजावटीच्या क्रोमबाबतीत याचं उत्तर स्पष्ट आहे: नाही.

पारंपरिक क्रोमच्या टाकीत क्रोमिक अॅसिड असतं, म्हणजेच षट्संयुजी क्रोमियम. ही प्रक्रिया वीज फार वाया घालवते. दिलेल्या विजेचा साधारण पाचवा भाग किंवा त्याहून कमी धातू चढवण्यात जातो. उरलेल्या विजेनं मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि क्रोमिक अॅसिडचं बारीक धुकं हवेत उडतं. हे धुकं श्वासातून आत जातं. वर्षानुवर्षं अशा हवेत काम करणाऱ्यांच्या नाकातल्या पडद्याला जखमा होतात, भोकही पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९० मध्येच षट्संयुजी क्रोमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. फुप्फुसाचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका.

तांब्याच्या पहिल्या थरासाठी बऱ्याच ठिकाणी सायनाइडचं द्रावण वापरतात. त्यात चुकून अॅसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू तयार होतो. हे प्रकरण बाल्कनीत करून पाहण्याचं नाही.

सांडपाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. एक बादली द्रावण गटारात ओतलं तर किती पाणी बिघडेल याचा अंदाज यावरून येतो. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाचं भूजल असंच षट्संयुजी क्रोमियमनं दूषित झालं होतं. तिथल्या रहिवाशांना १९९६ मध्ये ३३.३ कोटी डॉलरची भरपाई मिळाली. 'एरिन ब्रोकोविच' हा चित्रपट त्याच प्रकरणावरचा.

भारतात इलेक्ट्रोप्लेटिंग हा उद्योग प्रदूषणाच्या वर्गवारीत लाल गटात येतो. म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्यावर प्रक्रिया बंधनकारक आहे. स्वस्त दर देणारा कारखाना बचत कुठून करतो, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. हवा खेचणारा पंखा नसेल, कामगारांच्या हातात मोजे नसतील आणि पाणी सरळ नाल्यात जात असेल, तर आपल्या चकाकत्या बंपरची किंमत दुसरंच कोणी मोजत असतं.

दुसरे पर्याय आहेत का?

त्रिसंयुजी क्रोमियमची पद्धत बरीच कमी घातक आहे आणि नव्या गाड्यांच्या भागांसाठी वाढत्या प्रमाणात वापरली जाते. जुन्या शौकिनांची तक्रार एकच: तिची छटा किंचित गडद येते. गाडीचे निम्मे भाग जुन्या आणि निम्मे नव्या पद्धतीनं केले तर फरक डोळ्यांना जाणवू शकतो. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये नियम करून सजावटीच्या कामातला षट्संयुजी क्रोमियम २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं आहे. जगाची दिशा कुठली आहे ते यातून दिसतं.

'क्रोम स्प्रे' हा प्रकार वेगळाच. तो रंगाचाच एक प्रकार. लांबून बरा दिसतो, पण दगड उडणाऱ्या, हात लागणाऱ्या जागी टिकत नाही. आतल्या प्लास्टिकच्या भागांसाठी ठीक, बंपरसाठी नाही.

दुकानात जाण्याआधी आणि गेल्यावर

● प्रत्येक भागाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मोजा आणि यादीवर कारखान्याची सही घ्या. छोटी अक्षरं आणि स्क्रू हमखास हरवतात.

● ठोकून सरळ केलेला भाग मुलाम्याआधी गाडीवर बसवून पाहा. मुलामा चढल्यावर वाकवला तर निकेल तडकतं.

● आटे असलेल्या भागांवर आतून मुलामा चढू नये म्हणून ते झाकायला सांगा. नाहीतर नट बसत नाही.

● विचारा: तांबं देता का? निकेलचा थर किती मायक्रॉनचा? निकेल एक थर की दोन? बंपरच्या आतल्या बाजूला काय करणार? जस्ताचं काम याआधी केलंय का, दाखवता का?

● तांब्याच्या टप्प्यावर फोटो मागा. तांब्यात खड्डे दिसत असतील तर ते क्रोममध्येही दिसणारच.

● सगळे भाग एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच वेळी द्या. छटा जुळते.

सगळंच नवं करायचं का?

नाही. घासताना प्रत्येक वेळी थोडा मूळ धातू जातो. बारीक अक्षरं, कोरीव चिन्हं यांच्या धारदार कडा त्यात कायमच्या हरवतात. मुलामा शाबूत असेल आणि वर नुसती मळकट झाक असेल तर साफसफाई पुरते. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. त्यात ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना स्थान आहे. मूळपणाला मान आहे तो असा.

वरवरचे गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यानं ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. नंतर धुऊन, कोरडं करून मेणाचं पॉलिश लावा. टॉयलेट क्लीनर मात्र चुकूनही वापरू नका. अशा बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं आणि ते क्रोम विरघळवतं.

नवा मुलामा मिळाल्यावर काळजी साधीच आहे. पावसातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, कापडानं टिपा, वर्षातून दोन-तीनदा मेण लावा. बंपर परत बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला गंजरोधक रंगाचा एक हात मारून घ्या. तिथे कोणाची नजर जात नाही, पण पुढचा गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो.